दोन बोटं बाही

"ताई, भिंगरीच्या कोटाच्या बाह्या दोन बोटं सोड," असं म्हणतच धाकटी दुकानात शिरली. मी तोंडात टाचण्या धरून बसले होते, त्यामुळे लगेच भांडता आलं नाही. तेवढ्यात तिने कोट माझ्या मशीनवर टाकून खुर्चीही ओढून घेतली.

धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण. ती शाळेत शिकवते, आणि माझी मुलगी तिच्याच वर्गात आहे. मुलीला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी टिकेल तर शपथ. माझं दुकान शिवणाचं, पण नवं शिवून घेणारे थोडे. झिप बदल, कंबर आवळ, पँट आखूड कर, असली दुरुस्तीचीच कामं जास्त.

टाचण्या काढून मी म्हटलं, "डोकं ठिकाणावर आहे ना? आत्ता कुठे मापाला शिवलाय. मनगटावर बरोब्बर बसतो."

"वाढतेय ती."

"मुलगी आहे की वेल?"

"अगं, स्टेजवर हात वर केला की आखूड दिसतं. शुक्रवारी सगळे पालक येणार आहेत. सोड ना गं. आत दुमड ठेवतेसच की तू."

ठेवते. मुलांच्या कपड्याला मी बाहीच्या आत चांगली रुंद दुमड ठेवते, मग गिऱ्हाइकाचं असो की घरचं. मूल वाढलं की टाके उसवायचे, दुमड खाली सोडायची, इस्त्री फिरवायची. कोट आणखी एक हिवाळा निघतो. धाकटीला हे ठाऊक असणारच. तिचे शाळेचे फ्रॉक मीच असे सोडून दिलेत.

सोडल्या बाह्या. तिच्यासमोरच. निळा जाड कोट, कॉलरला मखमल, मी जीव ओतून शिवलेला. मी टाके उसवत होते आणि ती चहा पीत बघत होती. मधेच म्हणाली, "तुझ्या हाताला तोड नाही हं, ताई." आणि मी मेली खूश झाले!

आता हा शुक्रवार कसला, ते सांगते.

शाळा सुटली की भिंगरी दुकानातच येते. खडू दे, कात्री दे, बटणांचा डबा दे, ही वरकामं तिची. तर मध्यंतरी तिने एक नवीनच तऱ्हा काढली. खडू मागितला की हातात द्यायची नाही. मी हात पुढे केलेला, आणि ही खडू टेबलावर ठेवून मागे सरकायची. कात्रीचं तेच, डब्याचं तेच. एकदा बघितलं, पुन्हा बघितलं, मग माझं टाळकं सरकलं. "हातात द्यायला काय झालं? काटे आहेत का माझ्या हाताला?"

तर ती रडायलाच लागली. आणि मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

शाळेच्या मैदानावर हात धरून गोल करायचा होता. भिंगरीच्या शेजारी आली समितीच्या बाईंची मुलगी. समितीच्या बाई म्हणजे शाळेच्या पालक-समितीच्या प्रमुख. मुख्याध्यापकसुद्धा त्यांच्यासमोर उभे राहून बोलतात. त्या मुलीने आपली बाही ओढून बोटांवर आणली, आणि त्या कापडातून भिंगरीचा हात धरला. "तुझा रंग लागेल," म्हणाली. पलीकडच्या मुलीने ते बघितलं, तिनेही बाही ओढली. मग ती टूमच निघाली. रांग असो, खेळ असो, भिंगरी शेजारी आली की बाह्या खाली. पोरगी तेव्हापासून कुणाच्याच हाताला हात लावत नव्हती, माझ्यासुद्धा.

आम्ही या गावात बाहेरून आलेली माणसं. इथल्या लोकांपुढे आमचा रंग लपत नाही, आणि त्यात मी आणि माझी लेक तर आमच्या घरातही उठून दिसतो. धाकटी तेवढी उजळ. ती इथलीच म्हणून सहज खपून जाते.

मी मशीन बंद केलं आणि तशीच शाळेकडे निघाले. डोक्यात नुसती आग. बरं झालं म्हणा किंवा वाईट झालं म्हणा, फाटकातच धाकटी भेटली. तिने सगळं ऐकलं. तिचाही चेहरा उतरला, खोटं नाही सांगत. पण माझा दंड धरून म्हणाली, "ताई, तू आत जाऊन आरडाओरडा करणार. मग ते म्हणणार, बघा, ही माणसं अशीच भांडकुदळ. पोरीचं राहील बाजूला. माझा वर्ग आहे, माझ्यावर सोड."

तिच्या वर्गात तिने एक पद्धत पाडली होती. दोन मुलांनी समोरासमोर बसायचं, एकाने आपल्यावर गुदरलेलं काहीतरी सांगायचं, दुसऱ्याने मधे न बोलता ऐकायचं. मग कोट बदलायचे. त्याचा कोट आपण घालायचा आणि त्याची गोष्ट 'मी, मी' करत आपली म्हणून सांगायची. दुसऱ्याच्या जागी उभं राहायची सवय लागते म्हणे. मला ते आवडायचं. मुलं एकमेकांचं ऐकायला लागली होती, भांडणं कमी झाली होती, हे भिंगरीच सांगायची.

"पण हिची गोष्ट तशी घ्यायची नाही," धाकटी म्हणाली. "ही तिने स्वतःच्या तोंडाने सांगायची, स्वतःच्या कोटात, सगळ्यांच्या आईबापांसमोर. वंशभेद म्हणजे पुस्तकातला लांबचा धडा नव्हे, तो आपल्या मैदानावर चालतो, हे ऐकू दे त्यांना एकदा. शब्द देते तुला."

मी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? लहानपणी शेजारची एक काकू आम्हाला बघून म्हणाली होती, "या दोघी सख्ख्या वाटत नाहीत हो, एक दूध नि एक कोळसा." तर या धाकटीने, दुधाच्या दातांची होती तेव्हा, त्या काकूच्या हाताला कडकडून चावा घेतला होता. घरी मार खाल्ला, पण सॉरी म्हटलं नाही. "माझ्या ताईला बोलली" एवढंच म्हणत राहिली. अशी बहीण असल्यावर मला दुसरं कोण हवं होतं?

माझा नवरा बस चालवतो. तो रात्री जेवताना एवढंच म्हणाला, "जरा जपून. तुझ्या बहिणीला यंदा नोकरीत कायम व्हायचंय, आणि ते समितीच्याच हातात आहे."

"माझ्या बहिणीबद्दल एक शब्द बोलायचा नाही," मी म्हटलं.

खरी अडचण भिंगरीची होती. ती तयारच होईना. "सगळे हसतील," एवढंच म्हणायची. मी तिला जवळ घेऊन बसायचे, पुन्हा पुन्हा समजवायचे. "अगं, मावशी आहे ना तिथे, तिला सगळं सांग. मी आहे ना समोर. खरं बोलायला कशाला भ्यायचं? तू सांगितलंस ना, की सगळ्यांना कळेल. मग कुणी बाही ओढणार नाही." वचनच दिलं म्हणा ना. शेवटी एका संध्याकाळी ती दुकानातल्या स्टुलावर चढली आणि हात मागे बांधून म्हणाली, "तिने बाही हातावर ओढली आणि मग माझा हात धरला. मला वाटलं, माझ्या हातालाच काहीतरी झालंय." मी कात्री खाली ठेवली. एवढंसं पोर, पण एक शब्द इकडचा तिकडे नाही. त्या दिवशी तिने खडू माझ्या हातात दिला.

रोज स्टुलावर चढायची मग. आवाज वाढत गेला. शेवटच्या आठवड्यात मात्र एकदम थांबली. विचारलं तर म्हणाली, "मावशी म्हणालीय, घरी म्हणायचं नाही. आणि मोठ्यांचं ऐकायचं असतं ना?" मला वाटलं, गंमत राखून ठेवत असेल धाकटी. मग ती बाह्या सोडून घ्यायला आली, ते सांगितलंच.

शुक्रवारी नवऱ्याची पाळी होती, मी एकटीच गेले. दुसऱ्या रांगेत जागा मिळाली. भिंतीवर मुलांनी कापलेले रंगीत कागदाचे हात चिकटवलेले, एकमेकांना धरलेले. मुख्याध्यापकांनी भाषण केलं. आपली शाळा, आपली मुलं, सहवेदना, सहकार्य, सगळं झालं. मग म्हणाले, "आता आमच्या वर्गबाईंची पद्धत तुम्ही डोळ्यांनी पाहणार आहात. ही मुलं कोट बदलून आपल्या मनातल्या गोष्टी सांगतील." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. मला वाटलं, बाकीची मुलं तसं करतील, भिंगरी शेवटी येईल.

एक मुलगा आला, एक मुलगी आली. कुणाला बापाची आठवण येत होती, कुणाला पळता येत नव्हतं. आणि मग पडद्याआडून माझा निळा कोट आला.

कोट माझा, आत समितीच्या बाईंची मुलगी.

आधी मला काही कळलंच नाही. डोळे नुसते बाहीवर. ती मुलगी भिंगरीपेक्षा हाडापेराने मोठी, आणि बाही तिच्या मनगटावर कशी बेतल्यासारखी बसलेली. मग मी पुढची खुर्ची धरली.

ती माईकसमोर उभी राहिली. "आम्ही हात धरून गोल केला होता," ती म्हणाली, "कुणीतरी बाही हातावर ओढली आणि मग माझा हात धरला. मला वाटलं, माझ्या हातालाच काहीतरी झालंय." शब्द न् शब्द माझ्या पोरीचा. स्टुलावरचा. फक्त 'तिने' गेलं होतं आणि 'कुणीतरी' आलं होतं. मुलगी बोलली छान, उगाच का नावं ठेवू? शेवटी तिचा गळाही भरून आला. हॉलमधल्या बाया डोळे पुसायला लागल्या. समितीच्या बाई पहिल्या रांगेत होत्या, त्यांनी रुमालच काढला.

आणि मग भिंगरी आली. अंगात लाल झुळझुळीत कोट, त्या मुलीचा. बाह्या एवढ्या मोठ्या की कुणीतरी वर दुमडून टाचणी लावलेली. तिने हात मागे बांधले, जसे दुकानात बांधायची. मला शोधलं. मी दिसले तरी तिचा चेहरा हलला नाही.

"मी एका मैत्रिणीचा हात धरायला तयार नव्हते," माझी मुलगी म्हणाली. "मी तिच्या रंगावरून बोलले. माझ्यामुळे सगळे तसं करायला लागले. माझं चुकलं. मी सगळ्यांची माफी मागते."

टाळ्यांनी हॉल दणाणला. माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या, चांगल्या घरच्या दिसत होत्या. त्या माझ्याकडे वळून अगदी मायेने म्हणाल्या, "बघा हो, म्हणजे यांच्यात यांच्यातही चालतं हे. पण कबूल केलं पोरीने, कौतुक आहे." तोंडच उघडेना. माझ्यासारखीचं, जी भाजीवाल्याशी चार आण्यांवरून तास-तास घालते!

कार्यक्रम संपल्यावर मी धाकटीला तिच्या वर्गात गाठलं. भिंतीच्या खुंट्यांना मुलांचे कोट होते, ती एकेक करून ज्याचा त्याला देत होती. मुलं बाहेर गेल्यावर मी दार लोटलं.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," मी म्हटलं. "तीही माझ्या पोरीला. आणि तू."

"ताई, हळू."

"हळू? मी हळू? तू शब्द दिला होतास. स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या कोटात."

ती खुंट्यांकडे तोंड करून बोलायला लागली. समितीच्या बाईंना आधी सगळं वाचून दाखवावं लागलं. त्या म्हणाल्या, माझ्या मुलीला सगळ्यांसमोर खलनायिका करणार का? एवढ्याशा वयात तिच्या मनावर काय परिणाम होईल? तुमची तर ती कोट बदलायची सुंदर पद्धत आहे, तीच का नाही वापरत? "आणि पद्धत चुकीची नाहीये, ताई. त्या मुलीला आज खरंच कळलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तू बघितलंस ना?"

"बघितलं. आणि माझ्या पोरीला काय कळलं आज? दुसऱ्याच्या जागी उभं राहा म्हणतेस, पण आधी तिची जागा तिला मिळू दिलीस का?"

"फक्त नाटक होतं ते."

"नाटक होतं, तर हॉलला कुणी सांगितलं खरं कोण नि खोटं कोण? माझ्या शेजारची बाई माझ्याच पोरीला नावं ठेवत बसली होती. आणि बाह्या? माझ्याकडून सोडवून घेतल्यास, माझ्या हातचा चहा पीत पीत! सांगितलं का नाहीस तेव्हा?"

"सांगितलं असतं तर सोडल्या असत्यास का?" धाकटी म्हणाली.

केसाने गळा कापणं म्हणतात ना, ते मी आजवर बोलायला वापरत होते. ते कसं असतं ते मला तेव्हा कळलं. मला तिच्या मुस्काटात द्यावीशी वाटली, आणि त्याच वेळी गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. आपलेच दात, आपलेच ओठ. ती रडतच होती. म्हणत होती, "मीही इथे एकटीच आहे गं. एकदा कायम झाले ना, की पुढच्या वर्षी खरंखुरं घेईन. नाव घेऊन घेईन."

"पुढच्या वर्षी भिंगरी तुझ्या वर्गात नसणार."

तेवढ्यात दार उघडलं आणि समितीच्या बाई आत आल्या. हसतमुख, रुमाल अजून हातात. सरळ माझ्याकडेच आल्या. "तुम्ही तिच्या आई ना? किती गोड माफी मागितली हो तुमच्या मुलीने!"

"बाई," मी म्हटलं, "ती माफी तुमच्या घरची होती. चुकून माझ्या पोरीच्या तोंडी पडली. बाही ओढली ती तुमच्या मुलीने. रंग लागेल म्हणाली ती तुमची मुलगी."

त्यांचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. माझ्याशी त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. धाकटीकडे वळून त्यांनी विचारलं, "काय म्हणतायत या?"

मी धाकटीकडे बघितलं. शपथेवर सांगते, तोपर्यंत मला आशा होती. मला ते दुधाचे दात आठवत होते. नुसतं 'हो' म्हणाली असती, मान हलवली असती, तरी मी त्या हॉलमधलं सगळं पोटात घातलं असतं. माझी बहीण आहे म्हणून घातलं असतं.

धाकटीने डोळे पुसले. "ताई जरा दमलीय," ती म्हणाली. "सकाळपासून दुकानात होती. मुलांचे कोट बदललेले बघून तिचा गोंधळ झाला."

"होतं असं," समितीच्या बाई म्हणाल्या. आणि मला म्हणाल्या, "घरी जाऊन आराम करा हं."

मी खुंटीवरचा निळा कोट काढला आणि बाहेर आले. भिंगरी पायरीवर बसली होती. ती कोट घालत असताना मी म्हटलं, "मी आत जाऊन खरं काय ते सांगून आले त्यांना."

"मग?"

मी तिच्या कोटाचं वरचं बटण लावलं.

आम्ही चालायला लागलो. ती माझ्या शेजारून चालत होती, एकही उडी नाही, गिरकी नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "आई, माझी गोष्ट तर त्यांनी तिला दिली. आता उद्या पुन्हा कुणी बाही ओढली, तर मी काय सांगायचं?"

"मला सांगायचं. मला तर सांगशील ना?"

"तूच म्हणाली होतीस, मावशीला सांग," ती म्हणाली. चिडून नाही. आठवण करून दिल्यासारखी.

मोठा रस्ता आला. गाड्या भरधाव जात होत्या. नेहमीच्या सवयीने मी हात पुढे केला. "दे हात, रस्ता ओलांडायचाय."

तिने माझ्या हाताकडे बघितलं. मग कोटाची बाही खाली ओढली. ओढायला जोर लागला नाही, दोन बोटं जास्तच होती ती. बोटं पूर्ण आत गेल्यावर तिने हात माझ्या हातात दिला.

मी घट्ट धरला आणि रस्ता ओलांडला. रस्ताभर माझ्या हाताला लागत होतं ते कापड, मीच आणलेलं, मीच शिवलेलं, मीच सोडलेलं.